एकच चेहरा हवा

ज्याला ही थाप वाटते, त्याने ताडकळसला यावं आणि तासभर माझ्या शेजारी बसून दाखवावं. चहा माझ्याकडून.

मी महारुद्र. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि ही गोष्ट रात्रीची नाहीच. मागच्या मृगातली, बाजाराच्या दिवसाची, भर दुपारची आहे.

कस्तुरामामी आल्या. रंगनाथमामा वारल्यावर शेत त्यांच्या नावावर झालं, पण केवायसी राहिली म्हणून शेतकरी सन्मानचा हप्ता अडकला होता. बियाणं त्यावरच थांबलेलं.

कापूस वेचून वेचून मामींच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या. मशीन घेईना. मग मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. अ‍ॅपला चेहरा दाखवायचा, डोळे मिचकावायचे, की झालं काम.

"मामी, मिचकावा."

त्यांनी मिचकावले.

स्क्रीनवर लाल अक्षरं आली... एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत.

मी त्यांच्या मागे पाहिलं. कोरी भिंत. कॅलेंडरसुद्धा नाही.

खुर्ची फिरवली. शटर अर्धं ओढलं.

तरी तेच...

"मामी, याला तुमच्या मागं अजून कोणी दिसायलंय," मी आपला हसत म्हणालो.

मामी हसल्या नाहीत.

"हायत की. गेल्यापासून संगच हायत. रातच्याला आंगणात खोकत्यात. मला लय आधार वाटतो बग."

मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

"पन हप्त्याबिगर पेरायचं कसं?" त्यांनी मान जराशी वळवली. "आवो, सरका की जरा. माजं काम व्हऊ द्या."

माझ्या मानेला गार वारा लागला... लाइट नव्हती, पंखा बंद होता.

हिरवी खूण आली.

हप्ता जमा झाला. पेरणीही झाली. सुटलो बुवा, असं मला वाटलं.

पोळ्याच्या आधीच्या बाजारी मामी परत आल्या. पार वाळल्या होत्या.

"महारुद्रा, त्या दिसापासून घर सुनं हाय. खोकल्याचा आवाज न्हाई. मी रातभर आंगणात वाट बगत बसते." त्या माझ्या खांद्याच्या वर बघत होत्या. "तुज्याकडं ऱ्हायले काय रे?"

 मी अ‍ॅप उघडलं आणि मोबाइल स्वतःच्याच तोंडासमोर धरला.

लाल अक्षरं...

मामींना वाचता येत नाही. माझा चेहरा बघूनच त्या समजल्या.

"आवो, चला घरी. भाकर थापून ठिवलीय."

मी मोबाइल तसाच धरला होता. अक्षरं लालच.

"चुकलं माजं. चला की."

लालच.

 मामींनी डोळ्याला पदर लावला.

"परक्याम्होरं सरका म्हणले मी. आख्ख्या जन्मात कदी म्हणले नव्हते. रुसलेत."

आता दर बाजारी त्या येतात. भाकरी माझ्या टेबलावर ठेवतात, हळू आवाजात बोलतात आणि एकट्याच गावाकडच्या गाडीत बसतात. त्यांची पाठ बघवत नाही.

काल रात्री माझ्या घरी सगळे झोपले होते. मी जागाच होतो.

अंगणात कोणीतरी खोकलं...

सकाळपासून तेच डोक्यात आहे. मामींना सांगितलं, तर त्या रोज रात्री माझ्या अंगणात येऊन बसतील. नाही सांगितलं, तर स्वतःच्या अंगणात बसून राहतील.

उद्या बाजार आहे.