कोऱ्या जागेतलं खरकटं

"माझ्या हातून हे झालंय का, एवढंच शोधून द्या," बाई म्हणाल्या. "झालं असेल तर संध्याकाळी मी कबुलीवर सही करते."

वकिलाने तोंडाकडे नेलेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. त्याची वकिली कधी चाललीच नाही, म्हणून तो नाकशेठबरोबर फिरत असे. नाकशेठ खाजगी गुप्तहेर होता. नाक लांब, आणि जगातल्या बहुतेक गोष्टींना ते मुरडायची खोड. त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं.

"एक आजी दवाखान्यात बेशुद्ध आहेत," बाई सांगू लागल्या. "आमच्या कंपनीच्या पंपाने त्यांच्या नसेत भसाभसा औषध सोडलं. दोष लोडरचा निघाला, आणि लोडर मी सांभाळते."

"लोडर म्हणजे हमाल का हो?" वकिलाने विचारलं.

"तसंच समजा. पंपातल्या चिपचा सगळा कारभार पाहतो तो कर्नल. प्रोग्रॅमची फाइल उचलून मेमरीत मांडायची आणि चालू करून द्यायची, हे कर्नलमधल्या लोडरचं काम. आमच्या फाइली अगदी साध्या. वरच लिहिलेलं असतं, कोड इतका, आकडे इतके, आणि इतकी जागा कोरी हवी. ती कोरी जागा लोडरने पुसून द्यायची. नाहीतर आधीच्या प्रोग्रॅमचं खरकटं तिथेच राहतं, आणि नवा प्रोग्रॅम ते आपलंच समजून गिळतो."

"शी!" वकील म्हणाला.

"आज सकाळी पाहिलं, तर पुसण्याच्या ओळीच कोणी काढून टाकल्यात. बदलावर सही माझी. सहीची किल्ली एवढीशी असते, पेनड्राइव्हसारखी. ऑफिसात माझ्या खणात ठेवते."

"खणाला कुलूप?"

"सगळी घरचीच माणसं. मालक माझे धाकटे दीर, चाचणी पाहतो तो माझा नवरा. बाहेरचा असा एक विक्रेताच, तोही पूर्वीचा इंजिनिअर. कोड तिघांनाही कळतो."

नाकशेठचं नाक वर गेलं. "ओळी काढून कोणाला काय मिळालं?"

"वेग. पुसायला वेळ जातो ना. मोठं गिऱ्हाईक अडून बसलं होतं, पंप झटकन सुरू व्हायला हवा म्हणून. तिघंही माझ्या मागे लागले होते. मी नाही म्हटलं. पण साहेब, रोज इतके बदल हाताखालून जातात. थकून माझ्याकडूनच काही सुटलं असेल का?"

"तुम्ही बदल तपासता कसा?"

"आधी मेमरीत मुद्दाम कचरा भरते. मग प्रोग्रॅम चढवते. कोऱ्या जागेत कचरा दिसला की बदल परत."

"आणि चाचणी विभागाला का नाही दिसला?"

"तेच कळत नाही. वीज पूर्ण तोडून सुरू केलं, तर चिप सगळी मेमरी आपोआप पुसते. तेव्हा चूक झाकली जाते. पण दवाखान्यात वीज तोडतो कोण? पंपात बॅटरी असते, तो बंद होतच नाही. एक रुग्ण झाला की बटण दाबून प्रोग्रॅम बंद करायचा, दुसऱ्यासाठी पुन्हा चालू करायचा."

"पुसण्याचं हे कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. लोडर चुकला, एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, सही करून मोकळी हो, मी आहे ना पाठीशी."

"बाकीचे पंप?"

"चालू आहेत." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मी परत मागवा म्हटलं. भाऊजी म्हणाले, आधी कबुली, मग बघू. कंपनीचं नाव खराब होतं म्हणे."

वकिलाने बशी दूर सारली. बिस्किट बशीतच राहिलं.

कंपनीचं ऑफिस कसलं, उकिरडाच तो. बेसिनमध्ये चहाचे कप बुरशी धरून पडले होते. गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. माणसाच्या नसेत जाणारं औषध मोजणारी यंत्रं इथे बनतात, या विचाराने वकिलाला शिसारी आली.

नाकशेठने विक्रीच्या कपाटातला एक पंप उचलला, मालकाच्या टेबलावर ठेवून वायर जोडली आणि त्यावर नव्वदचा डोस लावला.

"हा रुग्ण संपला. आता नवा लावून दाखवा," तो मालकाला म्हणाला.

मालक तुळतुळीत होता, बोलणंही तसंच. त्याने बटण दाबून प्रोग्रॅम बंद केला, परत दाबलं. पंप लगेच जागा झाला. पडद्यावर नव्वद झळकलं.

"बघा, चुटकीसरशी!" मालकाने पडद्याकडे पाहिलंही नाही. "वहिनींनी एवढं चांगलं काम केलं आणि शेवटी माती खाल्ली. घरातलीच म्हणून पोलिसांत जात नाही मी. नाहीतर कोण कोणाचं!"

"बदल तुम्ही करायला लावलात?"

"मला पंप लवकर सुरू व्हायला हवा होता. कसा, ते त्यांनी बघायचं. जमलं तर दादाला भागीदारी देईन म्हटलं होतं. त्यात काय चुकलं?"

मग नाकशेठने पंप विक्रेत्याच्या टेबलावर नेला आणि त्यालाही तेच सांगितलं. त्याने हातातली बडीशेप तोंडात टाकली, मालकासारखंच बटण दोनदा दाबलं आणि पडदा पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे परत आलं! गिऱ्हाइकासमोर असाच मागचा आकडा दिसला होता. मी चाचणीत सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे असं होत नाही."

"त्या आजींच्या आधी सांगितलंत की नंतर?"

"बरंच आधी. मला माझं टार्गेट असतं हो, मी किती मागे लागणार?" तो बोटं चाटत म्हणाला.

वकिलाने मान फिरवली.

चाचणीची खोली मागच्या बाजूला होती. टेबलामागच्या सॉकेटांवर जळमटं आणि चिकट धुळीचा थर. टेबलाच्या कडेला मात्र कोरा करकरीत स्विचबोर्ड ठोकलेला होता. पंप ओळीने मांडलेले, त्यांची बॅटरीची झाकणं उघडी. बॅटऱ्या खाली खोक्यात पडल्या होत्या.

"या का काढल्या?" नाकशेठने विचारलं.

"फुगतात," बाईंचा नवरा म्हणाला. मऊ बोलणारा, नीट भांग पाडलेला माणूस होता.

नाकशेठने रुमालाने एक बॅटरी उचलून टेबलावर आडवी ठेवली. ती सपाट बसली. दुसरी ठेवली, तीही तशीच बसली. मग त्याने विक्रीचा पंप पुढे केला. "नवा रुग्ण लावून दाखवा."

नवऱ्याने झाकण उघडून बॅटरी काढली, वायर उपटली, क्षणभर थांबला आणि मग पंप पुन्हा जोडला. पडद्यावर शून्य आलं.

"मी प्रत्येक चाचणी स्वच्छ सुरुवातीपासून करतो," तो नम्रपणे म्हणाला. "तिला तुम्ही समजवा. दमली आहे ती. चूक मान्य केली की तिचंच ओझं उतरेल."

बाहेर येताच वकील म्हणाला, "या घाणीत एक तरी शिस्तीचा माणूस भेटला!"

"वकीलसाहेब, तुमच्या अशिलांची मला कीव येते," नाकशेठ म्हणाला.

संध्याकाळी मालकाच्या खोलीत सगळे बसले. कबुलीचा कागद बाईंसमोर होता. नवऱ्याने पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हाताजवळ ठेवलं.

"ते पेन परत घ्या," नाकशेठ त्याला म्हणाला. "बदल बाईंनी केलेला नाही. ज्या मुद्दाम मेमरीत कचरा ओतून मग तपासतात, त्यांच्या नजरेतून हे सुटलं नसतं. बदल ज्याने केला त्याने बाईंच्या खणातली किल्ली वापरून सही केली आणि तपास टाळला. पुसण्याच्या ओळी गेल्यात, म्हणून मागच्या रुग्णाचा आकडा पुढच्याला लागतो. हे कारण इथल्यांपैकी फक्त बाईंना ठाऊक होतं. आणि ज्याने केलं त्याला."

नाकशेठने विक्रीचा पंप टेबलावर ठेवला.

"मी तिघांना एकच काम दिलं. मालकांनी माझ्यासमोर बेधडक बटण दाबलं. खरकटा आकडा आला तरी त्यांना पत्ता नाही. विक्रेत्यानेही तेच केलं आणि वर तक्रार केली. ज्याला चोरी माहीत आहे, तो ती परक्या माणसाला दाखवेल का? तिसऱ्याने मात्र आधी बॅटरी काढली."

"ती त्यांची सवय असेल," वकील म्हणाला.

"बॅटरी नसलेला पंप कुठल्या दवाखान्यात असतो? मग चाचणी कशाची चालली होती? बॅटऱ्या फुगतात म्हणे. मी ठेवून पाहिल्या, सपाट आहेत. ही सवय जुनीही नाही. त्या खोलीत सगळ्यावर धूळ आहे, वीज तोडायच्या स्विचवर तेवढी नाही. वीज तोडली की मेमरी पुसली जाते आणि पंप पास होतो. विक्रेत्याने तक्रार केली तेव्हा यांनी बॅटऱ्या काढलेल्या पंपांवर बघून सांगितलं, आमच्याकडे होत नाही. तो आकडा कशाने येतो हे यांना तेव्हाच कळलं होतं. आजी तोवर त्या पंपाला जोडल्याही नव्हत्या."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

"अगं, ऐक." तो अजूनही मऊ बोलत होता. "धाकट्या भावाच्या हाताखाली किती वर्षं काढायची? मला वाटलं, चिप एकदा पुसतेच, दोनदा कशाला? नंतर कळलं, पण तोवर पंप गेले होते. तुझा दबदबा आहे. तुझ्या नावावर चूक खपून जाते, माझ्या नावावर नाही खपत."

"कळलं तेव्हा मला का नाही सांगितलंस? एका दिवसात दुरुस्त केलं असतं मी."

"मग भागीदारी गेली असती ना."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की वकील खुर्ची सरकवून त्याच्यापासून लांब झाला. आयुष्यात त्याने चोर पाहिले होते, मारेकरी पाहिले होते. असा पाठीशी उभा राहणारा माणूस पाहिला नव्हता.

मालक घाईने म्हणाला, "हे आपल्या घरातलं आहे, वहिनी. घरातच राहू द्या. सही तेवढी..."

बाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला आणि टेबलावरचा फोन ओढून घेतला. नवऱ्याने त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवलं आणि हात पदराला पुसला.

"पंपाच्या कंपनीतून बोलतेय," त्या फोनवर म्हणाल्या. "लोडर मी सांभाळते. आमचे सगळे पंप आत्ता, याक्षणी रुग्णांपासून काढा. हो, सगळे. आणि त्या आजी? अजून तशाच? ... मी दुसऱ्या दवाखान्यांनाही कळवते आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नवरा मान हलवत राहिला, नको, नको.

"नाव लिहून घ्या," बाई म्हणाल्या आणि त्याचं पूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. "माझे कोण? नवरा आहे माझा. ते राहू द्या, आधी पंप काढा."