एकशे सतराचा बिल्ला

आमच्या झरियाकडच्या खाणीत उतरणारा प्रत्येक जण माझ्या खिडकीत पितळी बिल्ला देतो आणि त्याच नंबरचा टोपीवरचा दिवा घेतो. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला दिसला म्हणजे माणूस अजून खाली आहे. एकशे सतराचा बिल्ला तीन वर्षं खिळ्यावरच होता. तो माझ्या नवऱ्याचा, फटिकचा. छत कोसळलं, हाती काहीच लागलं नाही, तो भाग भिंत घालून बंद केला आणि त्याच्या जागी मला ही नोकरी मिळाली.

दिव्याला एकच बटण असतं. दाबलं की ‘ठीक आहे’ एवढा निरोप निघतो. खाली टॉवर कुठला असायला? एका दिव्याने निरोप पकडायचा, जवळच्या दुसऱ्याला द्यायचा, असं करत तो माझ्या पडद्यावर येतो. कुणाकुणाच्या दिव्यातून आला ते नंबरही उमटतात. एका दिव्याची धाव फार तर पन्नास पावलं.

या फाल्गुनात मी माझ्या दिराशी, निमाईशी, सगाई केली, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालतं. तरी तो मला वहिनीच म्हणायचा आणि मी त्याला त्यावरून छळायचे.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी दोनला पडद्यावर आलं: एकशे सतरा, ठीक आहे. मधे नऊ दिवे. पहिला बासष्ट, म्हणजे निमाईचा.

“जुना नंबर कुठेतरी अडकला असेल,” इंजिनियर ओझासाहेब म्हणाले. “बॅटरी बारा तास चालते, दुलालीबाई. तीन वर्षं नाही.”

मंगळवारी मधे सात होते. बुधवारी चार. निमाईला रोज वेगळ्या भागात पाठवत, तरी निरोप आधी त्याच्याच दिव्यात यायचा. बुधवारी तो वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“वहिनी, आज माझ्या मागून कुणीतरी चालत होतं. मी थांबलो की तेही थांबायचं.”

“उद्या जायचं नाही.”

“लोक हसतील. बायकोला घाबरून घरी बसला म्हणतील.”

“हसू देत. दुसरा बिल्ला राखत बसायची ताकद नाही माझ्यात.”

गुरुवारी तो घरी राहिला. बासष्टचा दिवा माझ्यासमोर टांगलेला पाहून जीव भांड्यात पडला.

दोन वाजता निरोप आला. एकशे सतरा, ठीक आहे.

मधे एकही दिवा नव्हता.

पाळी सुटली होती. खिडकीत काळ्या हातांची रांग लागली. दिवा घ्यायचा, नंबर चाचपायचा, बिल्ला द्यायचा. तोंडं मी कधी बघत नाही, हात आपोआप चालतात. त्या दिवशी तर पडद्यावरून नजरच हलत नव्हती. मधे एक दिवा ओला लागला, आणि फार गार.

रांग संपल्यावर मी फळीकडे पाहिलं.

एकशे सतराचा खिळा रिकामा होता.

आमचं घर इथून सात मिनिटांवर आहे. निघताना निमाईला मीच सांगितलं होतं, कडी घालू नकोस, मी दुपारीच येते.