बाळंतिणीचा पत्ता

पुणेकर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गाडीवर जातो. त्यामुळे उत्कर्षाने शंभर किलोमीटर सायकल चालवून लांडग्यांसाठी पैसे उभे करायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण बेत पक्का होता. लांडग्याने मेंढरू नेलं की धनगराला लगेच भरपाई द्यायची, म्हणजे माळावर कुणी विष घालणार नाही. कात्रजच्या विक्रमशेठांनी वर्षभराची रक्कम कबूल केली होती. अट एकच: सूर्यास्ताआधी फेरी पुरी करायची आणि मोबाइलवर नोंदलेला सलग नकाशा सगळ्यांना दिसेल असा टाकायचा.

"पुरावा हवा. लोक टेम्पोत सायकल घालून येतात," शेठ म्हणाले होते.

डिसेंबरच्या गारठ्यात, उजाडता उजाडता तिघं कात्रजहून निघाले. पुढे उत्कर्षा, मागे तिची मैत्रीण शेफाली आणि शेफालीचा भाऊ सलिल. बोपदेव घाटाने पहिल्याच वळणावर दम काढला. सलिलने दोनदा कुलदैवत आठवलं. सासवड मागे पडलं, पुढे डांबरही संपलं. मग नुसता माळ, पिवळं गवत आणि चढत जाणारं ऊन. बाभळीच्या काट्यांनी चार वेळा ट्यूब फोडली. दुपारी दोन वाजता पाणी एका बाटलीवर आलं होतं आणि निम्मी वाट अजून बाकी होती.

तिथे रामदास धनगर मेंढरं चारत होता. उत्कर्षाने त्याला ओढ्यातली जवळची वाट विचारली.

"तिकडनं नगा जाऊ," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पाव्हणी बाळंत झालीया. टेकाडावरनं जावा."

"अय्या, कधी?" शेफालीने विचारलं.

"झालं की पंधरा दिस." एवढं बोलून तो चुकार मेंढराच्या मागे पळाला.

बाळंतीण, तीही भर माळावर! शेफालीचा जीव कळवळला. डब्यात डिंकाचे लाडू होतेच. एवढं कळल्यावर तसंच पुढे जायचं म्हणजे माणुसकी सोडली की! सायकली काठावर टेकवून तिघं ओढ्यात उतरले. डबा उत्कर्षाच्या हातात होता.

खाली झोपडी नव्हती. पाळणा नव्हता. दरडीत एक बीळ होतं, आणि बिळासमोर लांडगीण उभी होती!

उत्कर्षा थिजली. मध्ये जेमतेम दहा पावलं. लांडगिणीचे कान मागे गेले. ओठ वर सरकले. दात दिसले! बिळातून बारीक कुईकुई ऐकू आली. हातातला डबा सुटला आणि लाडू दगडांवरून घरंगळत गेले. लांडगीण झेपावली! अर्ध्यातच थांबली.

"पळू नका," उत्कर्षा पुटपुटली. "पाठ दाखवू नका. मागे सरका. हळू."

एक पाऊल. दुसरं. सलिलचा पाय घसरला! शेफालीने त्याची कॉलर पकडली. लांडगीण गुरगुरत राहिली, पण बीळ सोडून आणखी पुढे आली नाही. तिघं काठावर पोचले तेव्हा रामदास चुकार मेंढरू घेऊन तिथे आला होता. इतकी भीती उत्कर्षाला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बाळंत झालीया म्हनलं की न्हाई?" रामदास वैतागला. "मेंढरांदेखत तिचं नाव घेत न्हाईत आमच्यात."

टेकाडाची वाट आठ किलोमीटर जास्तीची. ती त्यांनी जीव खाऊन कापली. दिवे घाट उतरताना ब्रेक तापले, हात बधिर झाले. कात्रजच्या चौकात शिरले तेव्हा सूर्यास्ताला अकरा मिनिटं बाकी होती!

"जिंकलो!" सलिल ओरडला.

उत्कर्षाने नकाशा उघडला. निळी रेघ ओढ्यात शिरली होती, बिळापाशी थांबली होती आणि आल्या वाटेने परतली होती. गेल्या हिवाळ्यात एका बिळाचा पत्ता असाच फुटला. कॅमेरेवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली आणि लांडगीण पिलं टाकून निघून गेली. उत्कर्षाने शेठना फोन लावला.

"तेवढा तुकडा काढून नकाशा टाकला तर चालेल?"

"सलग ठरलं होतं ना? तुकडे काय, कुणीही जोडतं."

"मग नकाशा मिळणार नाही."

"मग पैसेही नाहीत. आपण शंभर किलोमीटर हवा खाऊन आलात, असं समजा."

उत्कर्षाने नकाशा पुसून टाकला. सलिलने तोंड फिरवलं. शेफालीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता काय?" शेफालीने विचारलं.

"आता दारोदार. उद्या विश्रांतवाडीपासून सुरुवात." उत्कर्षाला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. माळावर कुणी विष ठेवायच्या आत पैसे उभे राहायला हवे होते. पिलांचे डोळे तर नुकते कुठे उघडले असतील.