दादाच्या वाकळीवरची राख

परळीत उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं म्हणजे सकाळी थर्मल वीजकेंद्राची राख झटकतच उठायचं. रात्रभर ती पिठासारखी भुरभुरते. माणूस उठला की वाकळीवर त्याच्या आकाराची स्वच्छ जागा उरते, भोवती सगळं करडं. आई तर नुसती वाकळ बघून सांगायची, कोण कुठल्या कुशीवर झोपलं होतं ते.

स्वप्नाली वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आल्यापासून तिच्यासमोर थाप मारून सुटणं अवघड झालं होतं. त्यात तिचा दादा, केदार, लातूरच्या बारावीच्या क्लासहून सुट्टीला आला तो तारवटलेल्या डोळ्यांनीच. खिशात गोळ्यांची पट्टी. तिच्यावर ना नाव, ना कंपनी.

"काय हाय हे?"

"अभ्यासाची गोळी. नवीन निघालीय. झोपच येत न्हाई. हॉस्टेलात समदेच घेत्यात."

"मंग नाव कावून न्हाई तिला?"

"सपे, इथं टाळ्या वाजवायला कुणी न्हाई. झोप गुमान."

स्वतः मात्र तो उताणा, उघड्या डोळ्यांनी पडून राहिला. सकाळी तो उठला तेव्हा त्याच्या वाकळीवर एकसारखी राख होती. मधे कुठं स्वच्छ जागाच नव्हती.

वारं असेल, स्वप्नाली म्हणाली. पण शेजारी तिची स्वतःची जागा वेणीसकट उमटली होती.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तिनं, तो पडलेला असतानाच, त्याच्या पाठीखाली हात सारला. हात कोपरापर्यंत राखेनं माखून बाहेर आला. दादाच्या सदऱ्यावर मात्र कणही नव्हता.

"दादा, कसं वाटतंय तुला?"

"लई हलकं," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज कापला. "सपे, मला धरून ठेव गं."

तिनं पट्टी मोरीत रिकामी केली आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. दादा चिडला, थरथरला, ओकला. "पोरगं अभ्यासानं खंगलंय," म्हणत आईनं त्याला पेज पाजली. स्वप्नाली त्याचं मनगट धरून निजायची. ती हरणाऱ्यांतली नव्हतीच.

आणि दादा परत येऊ लागला. आधी वाकळीवर टाचा उमटल्या. मग खांदे. मग डोकं. सुट्टी संपायच्या दिवशी आख्खा दादा उमटला, तेव्हा तिला गच्चीवरून ओरडून गावाला सांगावंसं वाटलं.

"आता पुन्हा न्हाई घेणार," तिच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला. खिडकीतून हात हलवला. हसला पण.

त्या रात्री आईनं सवयीनं त्याचीही वाकळ अंथरली.

सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्यानं खालून हाक दिली, "स्वप्नाली, आईला सांग. लातूरचा फोन हुता. केदार नीट पोचलाय."

"स्वतः बोलला का?"

"तर! लई खुशीत हुता."

स्वप्नालीनं मागं वळून पाहिलं.

दादाची वाकळ कडेनं करडी झाली होती. मधली जागा स्वच्छ होती. टाचा, खांदे, डोकं. एक हात तिच्या अंथरुणाकडे लांबवलेला.

ती जवळ जाऊन बसली. राख अजून भुरभुरतच होती.

त्या जागेवर ती कापडापर्यंत पोचत नव्हती. वीतभर वर, कशावर तरी, हळूहळू साचत होती.