गिरजाची खेप

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं काहीही पदरचं नाही.

महिपत हा माझ्या आजीचा थोरला भाऊ. जंगलखात्यात गार्ड. मुरबाड तालुक्यात, धसईच्या वरच्या अंगाला सागाचा एक तुकडा होता, तिथं हे घडलं. साल १९४३, वैशाख महिना.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

तो साग महिपतने स्वतः लावलेला. त्याच्या बावीस वर्षं आधी, नोकरीला लागला त्याच साली. त्यासाठी त्याने गुरं हाकलली, वणवे विझवले, चोरट्या कुऱ्हाडवाल्यांशी वैर घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात रोपं करपायला लागली, तेव्हा ओढ्याचं पाणी आणायला गावातली गिरजा मजुरीवर होती. एकटीच. डोक्यावर हंडा, आणि दिवसभर खेपा.

एका दुपारी ती दमून खाली बसली. महिपत तेव्हा पोरसवदा, साहेबाच्या धाकातला. म्हणाला, "शेवटची ओळ राहिली गो. अजून एक खेप घाल."

ती उठली. खेप घातली.

आणि शेवटच्या रोपापाशी कोसळली. ऊन लागलं होतं. ती संध्याकाळ काही तिने पाहिली नाही.

झाडं मात्र जगली.

आपण काय बोललो होतो, हे महिपतने कितीतरी वर्षं कोणालाच सांगितलं नाही.

पुढं लढाई आली. लाकडाची मागणी वाढली. हुकूम सुटला... सगळा तुकडा तोडायचा. तोडायच्या प्रत्येक झाडाची साल तासून त्यावर सरकारी छापाचा हातोडा मारायचा.

मारणार कोण? महिपतच.

सोबत साल तासायला गावातला कोंडू होता.

पहिल्या झाडावर हातोडा बसला. ठक्!

आणि रानातली किरकिर एकदम थांबली...

वारा नाही. पाखरू नाही.

मग मागून आवाज आला.

घळ्... घळ्... घळ्...

हंडा कलता करून पाणी ओतावं तसा.

दोघांनी वळून पाहिलं. कोणी नाही. वैशाखात सागाखाली वाळक्या पानांचा घोटाभर थर असतो. सरडा पळाला तरी चुरचुर ऐकू येते. इथं एकही पान वाजलं नव्हतं.

पण छाप मारलेल्या झाडाचं बूड... ओलं होतं.

"ओढा तर होळीलाच आटला," कोंडू पुटपुटला. "दादा, पाणी आलं कुठनं?"

"पुढलं तास रे."

दुसरं झाड. ठक्.

घळ्... घळ्...

तिसरं. चौथं. दर वेळी आवाज पाठीमागून. दर वेळी थोडा जवळ.

पाचव्या झाडाशी कोंडूने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "मी नाय तासणार. मजुरी नको मला. तुमी पण चला, दादा."

तो गेला. त्याच्या पायांखालची चुरचुर लांब लांब जात विरली.

महिपत थांबला. नोकरी होती. घरात सहा तोंडं होती. त्याने कोयत्याने साल काढली, हातोडा उचलला...

आणि त्याच्याच पायांवर पाणी पडलं.

गार.

त्याने मान वळवली नाही. तोंडातून एवढंच निघालं, "गिरजा?"

पाणी थांबलं.

क्षणभर काहीच नाही.

मग चहूकडून, शेकडो झाडांच्या बुडाशी एकदम... घळ्... घळ्... घळ्...

हातोडा तिथंच टाकून तो बाहेर आला. पळालो नाही, असं तो सांगायचा.

दुसऱ्या दिवशी मुरबाडला जाऊन त्याने रेंजरसाहेबाला तोंडावर सांगितलं, "त्या झाडांवर माझा हात उचलत नाय, साहेब. नोकरी घ्या."

भुताचं नाव काढलं नाही. गिरजाचंही नाही.

साहेब भडकला. "मीच मारतो, चल!" म्हणत तिसऱ्या दिवशी आला. ऐन बाराला एकटाच आत शिरला. महिपत बाहेर, तुकड्याच्या कडेला उभा.

एक ठोका ऐकू आला.

दुसरा आलाच नाही...

अर्ध्या तासाने साहेब बाहेर आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला. दगडावर बसून त्याने कागदावर लिहिलं, लाकूड आतून पोकळ, तोडण्यालायक नाही.

साग वाचला. महिपतची नोकरीही राहिली.

पण निघताना साहेबाने हळूच विचारलं, "गार्ड, त्या बायका कोण?"

महिपत म्हणाला, "बायका? एकच होती, साहेब. पाणी घालायची."

"हंडेवाली एकच. मी दुसरीचं विचारतोय."

"दुसरी...?"

"तिच्याकडे हंडा नव्हता. झाडांकडे ती बघतही नव्हती." साहेबाने मघाशी महिपत उभा होता त्या जागेकडे बोट केलं. "मी आत होतो तेवढा वेळ ती तुझ्या पाठीमागे उभी होती."

पुढची बारा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, महिपतने तो साग राखला. ती दुसरी कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. आम्हालाही नाही.

एवढंच माहीत आहे, की नंतर तो घरात कुठंही बसला, तरी पाठ भिंतीला टेकवूनच बसायचा.