आठ हजार सतरा

धंतोलीतल्या वाचनालयात मी नुसती उन्हातून टेकायला शिरले होते, तर एका उंच, सावळ्या तरुणानं माझ्यापुढे कागदच सरकवला.

"भागाकार येते का तुम्हाले?"

"येते. काहून?"

"मंग बसा नं!" तो हसला, आणि... झालं. बसले मी.

साल चौऱ्याहत्तर. मधुकरराव नावाच्या निवृत्त गणितमास्तरांनी एक दहा आकडी संख्या धरली होती. ती मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही ना, हे पाहायचं होतं. एकट्याचं काम का ते! म्हणून तीस हौशी माणसं दर रविवारी आपापल्या वाट्याचे भागाकार करत. तेही फुकट. प्रत्येकाचा कागद दुसऱ्यानं तपासून सही करायची. माझा तपासायचा शालिकराम, तोच तो उंच. कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी, रविवारी बसनं यायचा.

"तुमचा नऊचा आकडा लय गोड येते, गोपिकाबाई."

"गणित तपासा... अक्षर नाही."

पंख्यानं कागद उडायचा, दोघांची बोटं एकदमच त्यावर पडायची, अन् मी हातचा विसरायची.

मग एका रविवारी आठ हजार सतरानं भाग गेला. बाकी शून्य. पुन्हा केला, तरी शून्य. अगं बाई, संख्या फुटली! आता काम संपणार, मंडळ उठणार. दुसऱ्या कुठल्या निमित्तानं मला घरून कोण सोडणार होतं? मी मेलीनं बाकी 'एक' लिहून टाकली.

शालिकरामनं मुकाट सही केली. मला हायसं वाटलं, अन् त्याला कळलं नाही म्हणून थोडा रागही आला.

तीन रविवार गेले. मधुकरराव भिंग धरून भागाकार करतच होते. मला बघवेना. बाहेर कडुनिंबाखाली शालिकरामला गाठलं.

"मी खोटं लिहिलं... आठ हजार सतरानं—"

"भाग जाते. मालूम आहे मले."

"मग सही काहून केली?"

तो चपलेनं माती उकरत राहिला. "तू काहून लिहिलं वं?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. आवडत होता तो मला, दुसरं काय!

"चाल," तो हळूच म्हणाला, "मास्तरले दोघं सांगून टाकू. रविवार जाईन तं जाऊ दे. बाकीचे सहा दिवस मागायले मी तुह्या बापूजीकडे येतो."

"सहाच काहून गा?" मी म्हटलं. "सातही माग."