कांतिविरजण

हळदीच्या दुसऱ्या दिवशी स्पृहा चौगुलेला लाजता येईना.

मैत्रिणी आरुषच्या नावानं चिडवत होत्या. तिला आतून लाज वाटत होती, कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, पण गाल जसेच्या तसे राहिले. सायीच्या रंगाचे, एकसारखे, शांत. फोटोवाला दोनदा म्हणाला, "ताई, जरा खुलून हसा की," आणि ती खुलूनच हसत होती. सकाळी कपाटाचं दार कपाळावर आपटलं, टेंगूळ आलं. ते हाताला लागत होतं, आरशात मात्र दिसत नव्हतं.

लग्न उद्यावर आलं होतं. जेवणं उरकल्यावर जुईलीमावशीनं भाचीला आणि आपल्या थोरल्या बहिणीला गाडीत बसवलं आणि सांगलीच्या हळदबाजारामागे असलेल्या डॉ. मुग्धा तळवलकरांच्या प्रयोगशाळेत आणून उभं केलं. मावशीचं पार्लर होतं आणि तिचा माल याच प्रयोगशाळेतून यायचा.

त्या काळी चेहऱ्याला रंग लावत नसत, रंग पोसत असत. पावडरी, लाली, डाग झाकायची मलमं ही सगळी आजीच्या पेटीत गेली होती. त्यांच्या जागी कांतिविरजण आलं होतं. नाव जाहिरातवाल्यांनी दिलेलं, पण ते चपखल होतं. दह्याला जसं चमचाभर विरजण लावतात, तसं हे गालाला लावायचं. त्यात त्वचेवर राहणारे जंतू असत, डोळ्यांना न दिसणारे, पण अंगात रंग धरणारे. एका रात्रीत त्यांची पातळ साय चेहऱ्यावर धरायची आणि मग वर्षानुवर्षं टिकायची. आई मुलीला द्यायची, शेजारीण शेजारणीला. कुणाचा रंग खुलून दिसला की लगेच, "अगं, चमचाभर दे की मला."

मावशी गिऱ्हाइकांना सल्ले द्यायची ते असे : कातडी तेलकट असेल तर पातळ विरजण, कोरडी असेल तर घट्ट. गव्हाळ रंगाला गुलाबी नको, जर्दाळूची छटा घ्या, चेहरा उठून दिसतो. साबण अजिबात नाही. झोपताना गालांना थेंबभर तूप, म्हणजे ते उपाशी राहत नाही. उपाशी राहिलं की खाज सुटते.

ते खायचं काय, हे सहसा कुणी विचारत नसे. ते घाम खायचं, तेल खायचं आणि मेलेली कातडी खायचं. सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला शिळ्या ताकासारखा वास यायचा, पण सगळ्यांनाच येत असल्यामुळे तो वास आहे हेही लोक विसरले होते.

डॉक्टर तळवलकर विसरल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा उघडा होता, सुरकुत्यांचा, वांगाचे डाग असलेला. समारंभाला त्या अशा गेल्या की बायका नजर चुकवत, जणू कुणी परकरावर बाहेर आलं आहे. गंमत ही की कांतिविरजण घडवणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. सुरुवातीचं विरजण हळदीनं मरायचं. भर मांडवात नवरीच्या गालांची पापुद्र्यांसारखी सालं निघायची. तक्रारी आल्या, तेव्हा याच बाईंनी हळदीला न दबणारं वाण तयार केलं. गावानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. ती शाल त्यांनी अजून उलगडलेली नव्हती.

"बस इथं. मान वर," त्या स्पृहाला म्हणाल्या आणि बोथट चमच्यानं तिच्या गालावरून एक पट्टी खरवडली. दुधावरून साय निघावी तशी ती सुरकुतत निघाली. खालची कातडी पांढरट, ओलसर होती, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. स्पृहानं डोळे मिटले.

"शी!" मावशी म्हणाली. "रोज हजार गिऱ्हाइकं करते, पण असं काढताना बघवत नाही बाई."

"घालताना बघवतं ना? मग झालं." डॉक्टरांनी तो लपका काचेच्या ताटलीत पसरला. "हिचं मूळचं वाण कुठलं?"

"माझ्याकडचं, जर्दाळू. पुण्याला होस्टेलवर गेली तेव्हा मीच लावून दिलं. लाजली की असे गाल फुलायचे हिचे! आता बघा, पुतळा."

"हे जर्दाळू नाही. दुसऱ्याच कुणाचं वाण चढलंय आणि त्यानं जर्दाळूला खाऊन टाकलंय."

स्पृहानं डोळे उघडले. "कुणाचं म्हणजे? दुसऱ्या बाईच्या तोंडावरचं?"

"हो. हळद वाटीतून येते ना एका घरातून दुसऱ्या घरात?"

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. उष्टी हळद! आधी नवरदेवाला लावायची आणि त्याच वाटीतली उरलेली नवरीकडे पाठवायची. सवाष्णी त्याच बोटांनी एकमेकींचे गाल माखतात. पूर्वी हळदीत जंतू टिकत नसत, आता टिकत होते. चार-पाच बायकांच्या तोंडावरची साय त्या वाटीत मिसळली असेल, हे स्पृहाच्या ध्यानात आलं. मोरीपाशी जाऊन ती नुसतीच थुंकत राहिली.

तिची आई श्रावणी आतापर्यंत दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शाळेत संस्कृत शिकवणारी, हळू बोलणारी बाई. चेहरा कसा नितळ, या वयातही बायका हेवा करत. ती उठली, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुसून टाका ना डॉक्टर, आणि जुनं लावून द्या. उद्या वेळ नाही."

"पुसते. पण हे एवढं निबर कसं झालं ते बघू द्या मला."

त्यांनी ताटली भिंगाखाली धरली, मग दिव्याखाली. मग कपाटातून रंगीत कागदांचे तुकडे काढले आणि काळा तुकडा ताटलीखाली सरकवला. काही झालं नाही. तांबडा सरकवला, साय किंचित हलली. मग जांभळा. तिघी बघत असताना ती पातळ साय गोळा होऊ लागली. गुळाच्या खड्याकडे मुंग्या याव्यात तशी चहूकडून येऊन ती त्या जांभळ्या तुकड्यावर बसली, पिवळसर झाली आणि वरून पाहिलं तर जांभळं काही राहिलंच नाही. डॉक्टरांनी हिरवट तुकडा ठेवला. साय गुलाबी होऊन त्याच्यावर चढली.

"हुशार आहे की!" मावशी म्हणाली. धंद्याची बाई, तिचे डोळे चमकले. "डॉक्टर, हे वाण विकायला काय हरकत आहे?"

"जुईली, गप बस जरा." डॉक्टरांनी ताटलीवर झाकण टाकलं आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले. "याला रंग कसा निवडायचा ते मी शिकवलेलं नाही. कुणीच शिकवलेलं नाही. त्याला फक्त एक भूक दिलीय. माणूस सैलावला, जीव भांड्यात पडला, की घाम बदलतो. तो घाम याला आवडतो. कुणी म्हणालं, आज छान दिसतेस, तू खूश झालीस की त्याला जेवण. ज्या रंगामुळे खूश झालीस त्या रंगाचे जंतू वाढतात, बाकीचे उपाशी मरतात. असं करत करत आपल्याला शोभणारा रंग आपोआप उरतो. एवढीच कल्पना होती. कौतुकावर पोसलेला रंग."

"ते मला पाठ आहे," मावशी म्हणाली. "मीच सांगते गिऱ्हाइकांना."

"पण जीव भांड्यात फक्त कौतुकानं पडत नाही. काहीतरी लपवायचं होतं आणि ते कुणाला दिसलं नाही, तेव्हाही पडतो." त्यांनी रंगीत तुकडे ओळीनं लावले. "कातडी आधी लाल होते, मग जांभळी, मग हिरवट, मग पिवळी. या क्रमानं ती कशानं बदलते, सांग बरं?"

स्पृहाच म्हणाली, "मार."

"माराचा वळ. हे वाण वळ झाकायला तयार झालंय. एकदा-दोनदा पडल्यानं असं होत नाही. कुणाच्या तरी तोंडावर वर्षानुवर्षं वळ उठत राहिले. ती बाई चारचौघांत गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही, तिला हायसं वाटलं आणि यानं ते खाल्लं. पुन्हा वळ, पुन्हा हायसं. लाजेचा लाल रंगही हे त्याच सपाट्यात झाकतं, त्याला फरक कळत नाही."

"जुनी गोष्ट असेल," श्रावणी म्हणाली. "पूर्वीची."

"नाही. गरज संपली की वर्षभरात हा गुण जातो. वापरात नसलेली गोष्ट जंतू ठेवत नाहीत. हे चालू आहे. आजही."

मावशी खुर्चीतून उठलीच. "वाटी आली ती आरुषच्या घरून. इंगवल्यांकडं बायामाणसांत सासूबाई एकट्या. सासरे जाऊन पाच वर्षं झाली. घरात दोघंच, आई आणि मुलगा!" ती स्पृहाकडे वळली. "कळतंय का तुला? तो आईवर हात उचलतो! काय गं बाई, एवढं गोड बोलणारं पोरगं. माझ्या हातचे लाडू खाऊन गेला परवा, मेला!"

"आरुष?" स्पृहा म्हणाली. "मावशी, त्याला साधं कुत्र्याला हाड म्हणता येत नाही."

"बाहेर असेच असतात ते. घरात बघ."

"तो रोज आईशी बोलतो फोनवर. मी ऐकलंय."

"तोंडावर काय होतं ते ऐकू येतं का फोनवर?"

स्पृहाला रडू येत होतं, पण नाक लाल झालं नाही, डोळ्यांखाली काही उमटलं नाही. सायीच्या त्या शांत चेहऱ्यावरून नुसतं पाणी ओघळत होतं आणि ते बघणं जास्त किळसवाणं होतं. डॉक्टरांनी मान फिरवली. त्यांना वाटलं, हिच्या गालावर आत्ता कुणीतरी मिटक्या मारत बसलंय.

"डॉक्टर, नक्की का?" स्पृहानं विचारलं.

"वाणाबद्दल नक्की. घर कुठलं, ते त्यांच्या घरातला नमुना मिळाला तर सांगेन. उद्या संध्याकाळपर्यंत."

"उद्या संध्याकाळी ती पूजेला बसलेली असेल त्यांच्या घरी!" मावशी म्हणाली. "काही नमुना नको. फोन लाव त्याला. सांग, लग्न नाही. का ते तुझ्या आईच्या तोंडाला विचार म्हणावं."

स्पृहानं फोन हातात घेतला. ती बराच वेळ आरुषच्या फोटोकडे बघत राहिली. हसरा, जरा बावळट. मग तिनं अंगठा उचलला.

"थांब," श्रावणी म्हणाली.

"ताई, आता मध्ये पडू नकोस. पाहुणे आलेत, हॉल ठरलाय, हे काही सांगू नकोस."

"फोन करू नकोस, स्पृहा. ती हळद घट्ट झाली होती. मीच कालवली, दूध घालून. पहिलं बोटही मीच लावलं तुला." ती डॉक्टरांच्या समोरच्या स्टुलावर येऊन बसली, मान वर केली आणि डावा गाल पुढे केला. "त्यांच्याकडचा नमुना कशाला? माझा घ्या."

मावशी हसली, गोंधळून. "ताई, काहीतरी काय. तुझं वाण तर..." आणि थांबली. दर दिवाळीला ती बहिणीला नवं वाण देऊ करायची आणि दर दिवाळीला बहीण म्हणायची, राहू दे गं, मला माझंच बरं आहे.

डॉक्टरांनी चमचा टेकवला. ही साय जाड होती, घसघशीत, चांगल्या खाल्ल्यापिल्या घरची असावी तशी. कानापासून हनुवटीपर्यंत ती एका तुकड्यात निघाली आणि चमच्यावर थरथरत राहिली. खाली जबड्यावर हिरवट-पिवळं होतं आणि त्याच्यावर ताजं जांभळं. चार बोटं वेगवेगळी मोजता येत होती.

"बाबा?" स्पृहा म्हणाली.

"परवा. हॉलच्या जेवणावरून." श्रावणीचा आवाज शाळेत विभक्ती सांगताना असायचा तसाच होता. "तुझ्या हळदीला दिसू नये म्हणून मी काळजीत होते. नाही दिसलं."

मावशी बहिणीच्या पायाशी फरशीवर बसली. "ताई, मी दर आठवड्याला तुझ्या तोंडाकडं बघते गं. माझा धंदाच तो."

"तू वाण बघत होतीस जुईली. छान आहे म्हणायचीस. मला बरं वाटायचं."

डॉक्टर म्हणाल्या, "आता झाकायचं नाही. हे मी पुरतं काढून टाकते, पोलिसांत जाऊ, मी येते सोबत." बोलता बोलता त्यांनी औषधाची बाटली शोधायला पाठ फिरवली. आपलं हे बोलणं फार उशिराचं आहे हे त्यांना कळत होतं.

श्रावणीनं डोळे मिटले. किती वर्षांनी कुणाला तरी सांगितलं होतं. मुलीचं लग्न मोडलं नव्हतं, आरुषवरचा आळ गेला होता. तिचे खांदे खाली आले, मुठी सैल झाल्या, तिनं लांब श्वास सोडला. इतकं हायसं तिला आयुष्यात कधी वाटलं नसेल.

डॉक्टर बाटली घेऊन वळल्या आणि जागीच थबकल्या.

कपाळावरून, नाकाच्या कडेनं, मानेच्या घडीतून उरलेली साय निघाली होती. दूध उतू जाताना चढतं तशी ती भराभर चढत होती. पिवळ्यावर गुलाबी झाली, जांभळ्यावर पिवळी, चार बोटांच्या खुणांत शिरली आणि त्या बुजवून टाकल्या. डॉक्टरांनी असा वेग कधी पाहिला नव्हता, कारण असं जेवण त्या जंतूंना कधी मिळालंच नव्हतं. बाटलीचं बूच निघेपर्यंत गाल भरून आला होता. नितळ, तजेलदार, लग्नघरातल्या नवरीच्या आईला शोभेल असा.

"आई," स्पृहा जवळ आली. तिला तिथं हात ठेवायचा होता, पण कुठं ठेवावा ते दिसेना. "कुठं होतं गं?"

श्रावणी हसली. कदाचित रडतही असेल, समजायला मार्ग नव्हता.

स्पृहानं बोट ठेवलं आणि त्या मऊ, कोमट, ओलसर गालावर हलकं दाबलं. मग थोडं खाली दाबलं. मग कानाकडे. चेहरा तसाच शांत होता. तिनं आणखी जोरानं दाबलं, आणि आईचा श्वास अडकला, तेव्हा तिला जागा सापडली.